गॅदरिंगचा डीजे रात्री १२ पर्यंत चालतो का?

यंदाचा_जीएस
कोथरूडमध्ये कॉलेज आहे, पुढच्या महिन्यात गॅदरिंग. शेवटच्या दिवशी ग्राउंडवर डीजे ठरलाय आणि कंपाउंडला चिकटून सोसायट्या. पोरं म्हणतात १२ पर्यंत चालतं, सर म्हणतात आधी पोलीस स्टेशनची परवानगी आणा मग बोलू. परवानगी मिळाली की बिनधास्त ना? नक्की नियम काय आहे?

लॉ_तिसरं_वर्ष
नाही रे. २००० चे ध्वनिप्रदूषण नियम आहेत, रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर स्पीकर बंद म्हणजे बंद, पीआय साहेबांच्या हातातच नाही ते. १२ पर्यंतची सूट वर्षाला जास्तीत जास्त १५ दिवस, गणपती, ३१ डिसेंबर वगैरे, ते दिवस आधीच जाहीर होतात, तुमचं गॅदरिंग त्यात कुठून येणार. आणि १० च्या आधी पण वाट्टेल तेवढा आवाज नाही हां, रहिवासी भागात दिवसा ५५ डेसिबल, ग्राउंडच्या हद्दीवर फार तर १० जास्त. शांतता क्षेत्राचं पण विचारून घ्या, पूर्वी कॉलेजभोवती १०० मीटर आपोआप धरायचे, २०१७ पासून सरकारने जाहीर केलं असेल तरच. त्यात येत असाल तर डीजे विसरा.

बाळ्या_साऊंड
६५ मध्ये डीजे 😂 पोरांची शिट्टीच त्याच्या वर जाईल. तरी सांगतो, स्टेजची पाठ सोसायटीकडे करा आणि बेसचे खोके कमी मागवा, टॉपचा आवाज लोक एकवेळ सहन करतात पण बेस भिंतीतून घुसतो, खिडक्या थरथरल्या की फोन सुरू. आणि मिक्सरपाशी कोणीतरी खमक्या बसवा, नाचून आलेला प्रत्येक जण वाढव वाढव करतो.

चौथा_मजला
अशाच एका ग्राउंडसमोर राहते. गॅदरिंग नेमकं बारावीच्या परीक्षेच्या तोंडावर का असतं देव जाणे. पूर्वी ११२ ला फोन करायला लोक बिचकायचे, आता हायकोर्टानेच जानेवारी २०२५ मध्ये सांगितलंय की तक्रार करणाऱ्याची ओळख विचारत बसू नका, त्यामुळे फोन येणारच. आधी सोसायटीच्या बोर्डावर वेळ लिहून चिकटवा, खाली अशा मुलाचा नंबर द्या जो त्या गोंगाटात फोन उचलेल.

यंदाचा_जीएस
ऑडिटोरियममध्ये घेतलं तर १० नंतर?

लॉ_तिसरं_वर्ष
बंद हॉलला १० ची अट नाही, पण आवाज बाहेर आला तर तो मोजतातच, रात्रीची मर्यादा ४५ आहे.

यंदाचा_जीएस
आमच्या ऑडिटोरियमच्या खिडक्याच लागत नाहीत. ग्राउंडवर ६ ला सुरू, पावणेदहाला बंद, असाच अर्ज टाकतो, पोरांच्या शिव्या खाईन