पुण्यात नवखे असताना कुठे जेवलात? (अनुभव सांगा)

निळी छत्री

काल सकाळी भाच्याचा फोन. लातूरहून रात्रभर बसमध्ये बसून स्वारगेटला उतरला होता. "मावशी, भूक लागलीय, समोर दहा हॉटेलं दिसतायत, कुठल्यात शिरू?" मी सुचेल ते सांगितलं, फोन ठेवला आणि मग पोळ्या लाटता लाटता १९९९ चा जून आठवत राहिला.

बारावी झाली होती. प्रवेशाच्या कामासाठी अण्णांबरोबर पहिल्यांदा पुण्यात आले होते. अण्णांच्या सदऱ्याच्या आतल्या खिशात पैसे आणि खिशाला वरून सेफ्टी पिन. दुपारी दोनच्या सुमाराला एका मोठ्या हॉटेलात शिरलो. वेटरने पाणी ठेवलं, मेनूकार्ड दिलं. अण्णांचं बोट कार्डाच्या उजव्या बाजूने वरून खाली गेलं आणि परत वर आलं. मग हळूच मला म्हणाले, "तुला लई भूक नाही ना बाई?" मी नाही म्हणाले. ग्लासातलं पाणी पिऊन दोघं उठलो. मागून वेटर काहीतरी बोलला. शब्द कळले नाहीत, पण अण्णांचे कान लाल झालेले मी पाहिले.

बाहेर फुटपाथवर छापखान्यातला एक माणूस उभा होता, बोटांना शाई लागलेली. अण्णांनी त्याला विचारलं तर तो स्वतःच आमच्याबरोबर चालायला लागला. एका वाड्यात नेलं. पाटी नाही, काही नाही. जिन्याखाली चपलांचा हा ढीग! म्हणाला, "पाटी नका बघू, चपला बघा." वर आमटी, भात, दोन पोळ्या, कोबीची भाजी आणि ताक. वाढणाऱ्या बाईंनी न विचारताच अण्णांच्या ताटात तिसरी पोळी टाकली. दोघांचे मिळून ४० रुपये झाले. जिना उतरताना अण्णा माझ्याशी सकाळपासून पहिल्यांदा नीट बोलले.

आता तो वाडा नाही, तिथे पाच मजली इमारत आहे. भाचा वर्षभर राहणार आहे, म्हणून विचारते. बाहेरगावाहून आल्यावर कमी पैशांत, मान खाली न घालता, मजेत कुठे जेवलात? जुनं नवं सगळं लिहा.

झुळूक

अण्णांचे कान वाचून पुढे वाचवेना, थांबून परत वाचलं. भाच्याला सांग, स्वारगेटहून मेट्रोने पुढचंच स्टेशन मंडई. तिथून चालत तुळशीबाग. श्रीकृष्ण भुवनची मिसळ खायची आणि दिवसभर हिंडायचं. कुकरची शिट्टी झाली, नंतर येते.

पेठेतली

जन्म नारायण पेठेतला, म्हणून थोडं सविस्तर लिहिते. बाहेरून येणाऱ्यांची इथे फसगत होते ती वेळेमुळे, पैशांची गोष्ट नंतरची. मिसळ सकाळचं खाणं आहे, दुपारी उशिरा जाऊन उपयोग नाही. थाळीवाले साधारण तीनला स्वयंपाकघर आवरतात आणि रात्री सात-साडेसातशिवाय पुन्हा ताट मांडत नाहीत. मधल्या वेळात गावाहून आलेला माणूस उपाशी फिरतो आणि शेवटी जे महाग आणि उघडं असेल त्यात शिरतो. निळी छत्री, तुम्ही दोनला गेलात म्हणून वाड्यात ताट मिळालं, तासाभराने गेला असतात तर तेही गेलं असतं.

बेडेकरांची मिसळ मुंजाबाच्या बोळात, १९४८ पासून आहे. गोडसर चव, बरोबर स्लाइस ब्रेड. झणझणीत हवी असेल तर तिथे जाऊन नाराज होऊ नका, ती मिसळ वेगळीच आहे. टिळक रोडला बादशाहीत साधं घरच्यासारखं ताट मिळतं, नंबर लागतो, पण लवकर जा. केळकर रोडला प्रभा विश्रांतीगृहातला बटाटेवडा. लग्नाआधी दर शनिवारी वडील पुडा घेऊन यायचे, कागदाला तेल लागलेलं असायचं आणि तो कागद कोण उलगडणार यावरून आम्हा बहिणींची भांडणं.

रस्सावाला

मी कोल्हापूरचा. पुण्यात पहिल्या दिवशी मिसळीबरोबर स्लाइस ब्रेड आला, जीवच हरखला बघा, कारण आमच्याकडंबी ब्रेडच असतोय. मग रस्सा संपला म्हणून पोराला म्हटलं, "कट आण." त्यानं कटिंग चहा आणून ठेवला! शेजारच्या टेबलावरच्या काकांनी समजावलं, इथं त्याला सँपल म्हणायचं. त्यांनीच माझं सँपल मागवलं आणि चहाबी त्यांनीच प्याला. पुढं चार वर्षं त्या काकांबरोबर रविवारी मिसळ खाल्ली.

वऱ्हाडी ठेचा

पोह्यावर तर्री नाही मिळत न पुण्यात सहजी. बाकी सगळं मान्य. नागपूरहून आल्यावर सहा महिने मला सकाळ झाल्यासारखीच वाटली नाही.

रस्सावाला

@वऱ्हाडी ठेचा, मिसळीचं सँपल मागून पोह्यावर घ्या की. मी घेतोय. कोण काय म्हणत नाही.

वऱ्हाडी ठेचा

उद्याच!

अभ्यासिका_७

मी परभणीचा, नवी पेठेत राहून स्पर्धा परीक्षेची तयारी करतो, तिसरं वर्ष. भाच्याला नीट सांगा मावशी. एकट्याने रोज हॉटेलात जेवायचं तर महिन्याचा हिशेब बसत नाही. शास्त्री रोड, गंजवे चौक, सदाशिव पेठेच्या गल्ल्या, इथे मेस दारोदार आहेत. पैसे भरण्याआधी दोन-तीन ठिकाणी नुसतं सुटं ताट घेऊन जेवून बघायचं. डाळ चमच्याने ढवळायची, तळाला काय आहे ते कळतं. चपाती दुमडल्यावर मोडते का बघायची. आणि महत्त्वाचं, तिथली जुनी पोरं कशी जेवतायत ते बघायचं, मोबाईलकडे बघत गिळतायत की काकूंशी बोलतायत.

मी पहिल्या वर्षी घाई केली. एका ठिकाणी दोन महिन्यांचे आगाऊ भरले आणि तिसऱ्या आठवड्यात मेस बंद पडली. घरी सांगितलं नाही. महिनाभर सकाळी गाडीवरचे पोहे, रात्री दोन केळी आणि दूध असं काढलं. रूममेटला कळलं तेव्हा तो रोज त्याच्या डब्यातल्या चारपैकी दोन चपात्या माझ्यासाठी ठेवायला लागला. तो आता नंदुरबारला तलाठी आहे. तेव्हापासून मी महिन्याचे पैसे पंधरा-पंधरा दिवसांनी देतो, काकू चालवून घेतात.

रविवारी दुपारी मेसमध्ये फीस्ट असते, रात्री मेस बंद. हे लक्षात ठेवायला सांगा, नवीन पोरं रविवारी रात्री हमखास अडकतात.

झुळूक

आले परत. @अभ्यासिका_७ तुमच्या रूममेटला माझा नमस्कार सांगा, खरंच.

कंदीपेढा

साताऱ्याहून. २०२० चा फेब्रुवारी, आई स्टेशनजवळच्या एका हॉस्पिटलात १९ दिवस. रात्री मी बाकावर, दिवसा भाऊ. भूक लागायची पण जेवण नको वाटायचं, ज्यांनी हे केलंय त्यांना कळेल. औषधांची यादी रोज वाढत होती, आपल्या खाण्यावर १०० रुपये खर्च करताना हात आखडायचा.

२६ जानेवारीला शिवभोजन सुरू झालं होतं, १० रुपयांत दोन पोळ्या, भाजी, वरण, भात. बारा ते दोन एवढीच वेळ, ताटं संपली की संपली. रांगेत माझ्यापुढे हमाल असायचे, मागे एखादा कॉलेजचा मुलगा. मी शिकलेली, नोकरी करणारी बाई त्या रांगेत पहिल्या दिवशी ओढणी डोक्यावरून घेऊन उभी राहिले. तिसऱ्या दिवशी पुढच्या मावशींनी माझी जागा धरून ठेवली होती. ओढणी खांद्यावर आली.

डॉक्टरांनी आई धोक्याबाहेर आहे म्हणून सांगितलं, त्या सकाळी मी आणि भाऊ वोहुमनला गेलो. बन मस्का, चीज ऑम्लेट, दोन दोन चहा. बनमधून लोणी कपात उतरायचं, चहावर पिवळे ठिपके तरंगायचे. भाऊ एवढा मोठा माणूस, बन तोंडात धरून रडत होता. आजही पुण्यात गेले की स्टेशनाजवळ तेवढ्यासाठी थांबते.

पेठेतली

आई कशा आहेत आता?

कंदीपेढा

छान आहे. काल अळूवड्या केल्या तिने, अळू दारचंच.

झुळूक

दारच्या अळूने घसा खवखवत नाही? माझा दरवेळी खवखवतो, कितीही चिंच घातली तरी.

कंदीपेढा

काळ्या देठाचं वडीचं अळू घ्यायचं गं. देठ आणि जाड शिरा काढून टाकायच्या, चिंचेचा कोळ पिठातही घालायचा आणि पानाला आधी नुसताही चोळायचा. उंडे पंचवीस मिनिटं तरी वाफवायचे, घाई नको.

खिडकीची सीट

अळूवरून गाडी परत पुण्यात आणते :)

नाशिकहून महिन्यातून दोनदा कामाला येते, एकटीच. एकट्या बाईला रात्री नऊला जेवायचं असतं हे काही ठिकाणी पचत नाही. "किती जण?" "एक." मग मला बेसिनशेजारचं, येणाऱ्या-जाणाऱ्याचा धक्का लागणारं टेबल. एका ठिकाणी तर अर्धं हॉटेल रिकामं असताना. त्या दिवशी उठले आणि रिक्षा करून एफसी रोडला वैशालीत गेले. गर्दी होतीच. वाट पाहिली, मग दोन आज्यांच्या टेबलावर जागा मिळाली. त्यांनी माझ्यासाठी त्यांच्या पर्सा उचलून मांडीवर घेतल्या. मी एसपीडीपी (शेव-बटाटा-दही-पुरी) मागवली, त्यातली एक आजी म्हणाली, "आम्ही कॉलेजात होतो तेव्हापासून येतोय, तू कॉफी घेतल्याशिवाय उठू नकोस." पुण्यात टेबल वाटून बसायची पद्धत एकट्या माणसाला फार आधाराची आहे. गुडलकमध्येही तसंच, १९३५ चं हॉटेल, संगमरवरी टेबलं, बन मस्का आला की कोणी तुमच्याकडे बघत नाही.

आणि बिल वाचत जा. एका ठिकाणी माझ्या बिलात १० टक्के सर्व्हिस चार्ज लावलेला होता. मी काढायला सांगितलं, मॅनेजर म्हणाला हा द्यावाच लागतो. नाही लागत! ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ४ जुलै २०२२ ला तशा सूचना काढल्यात, मार्च २०२५ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयानेही त्या उचलून धरल्या. मी शांतपणे १९१५ हा ग्राहक हेल्पलाइनचा नंबर फोनवर काढून टेबलावर ठेवला, त्याने दुसरं बिल आणलं. जीएसटी मात्र द्यावा लागतो, साध्या हॉटेलात ५ टक्के. वाढणाऱ्या पोराच्या हातात मी वेगळे २० रुपये दिले, ते त्याचे होते.

निळी छत्री

@खिडकीची सीट, हे अण्णांना दाखवायला हवं होतं.

साठी पार

लक्ष्मी रोडवरच्या पूना गेस्ट हाऊसचं नाव कुणी घेतलं नाही. मूकपटांचे दिग्दर्शक नानासाहेब सरपोतदार यांनी १९३५ मध्ये सुरू केलं. आम्ही सांगलीहून नाटक बघायला येत असू, तेव्हा तिथला साबुदाणा वडा ठरलेला. आमची ही उपासाच्या दिवशीच पुण्याला यायचा बेत करायची. चार वर्षांपूर्वी ती गेली. मी अजून चतुर्थीलाच येतो.

झुळूक

काका 🙏

कंदीपेढा

काका, पुढच्या चतुर्थीला साताऱ्यावरून जाताना आमच्याकडे थांबा. आई साबुदाणा वडा छान करते.

रस्सावाला

नॉनव्हेजचं कोण बोलंना. कॅम्पात दोराबजी, १८७८ पासनं हाय, धनसाक आणि बिर्याणी. रोज परवडणारं नव्हं, पण पहिल्या पगाराला जावं. परत येताना कयानीतनं श्रूजबेरी बिस्किटं घ्या, दुपारी बंद असतंय, रांगेत उभं राहायची तयारी ठेवा. माझ्या आईनं तो डबा संपल्यावर त्यात बटणं ठेवलीत, अजून उघडला की लोण्याचा वास येतोय म्हणती.

दोन चिमण्या

मुलं बरोबर असतील तर सुजाता मस्तानी. वर आइस्क्रीमचा गोळा, आधी चमचा मग स्ट्रॉ. माझ्या धाकट्याने एकट्याने संपवली आणि रात्री जेवला नाही, त्याचं जेवण वाचलं म्हणजे स्वस्तच पडली. पळते, शाळेची व्हॅन आली.

निळी छत्री

सगळ्यांचं वाचून भाच्याला जमेल तेवढं पाठवलं. आत्ता त्याचा फोन येऊन गेला. दुपारी सदाशिव पेठेत एका जिन्याखाली चपला बघून वर गेला म्हणे. वांग्याची भाजी होती, ती तो घरी शिवत नाही, तिथे दोनदा घेतली. सुटं ताट घेतलं, पैसे अजून भरले नाहीत. पण उद्या रविवार. @अभ्यासिका_७, रात्रीचं काय सांगू त्याला?

अभ्यासिका_७

गंजवे चौकात आठला यायला सांगा. भुर्जीच्या गाडीपाशी असतो मी, पाठीला लाल सॅक. अंडी खात नसेल तर पुढे डोसेवाला आहे, तिकडे जाऊ.