इंग्लंडच्या राजाचे हेराल्ड: रंगमंचावर टॅबार्ड कसा दाखवावा?

रंगपट
एकांकिकेत एक प्रवेश आहे. १० सप्टेंबर २०२२, लंडनमधला सेंट जेम्स पॅलेस, सज्जातून तिसऱ्या चार्ल्सच्या नावाने द्वाही फिरवली जाते. सज्जात तीन हेराल्ड, म्हणजे राजाचे उद्घोषक, टॅबार्ड (राजचिन्हाचा अंगरखा) घालून उभे करायचे आहेत. त्यांचं नेमकं काम काय असतं? तिघांना सारखेच कपडे चालतील का? तुताऱ्या त्यांच्याच हाती द्यायच्या का? ड्रेसवाल्याकडे 'युरोपियन दरबार' नावाचा तयार सेट आहे, पण त्यावर एकच मोठा सिंह छापलेला आहे. शिवून घ्यायचं ठरवलं तर कापड किती लागेल?

पुराभिलेख
तुताऱ्या अजिबात देऊ नका. ही चूक जवळजवळ प्रत्येक नाटकात दिसते. तुतारी वाजवणारे हाउसहोल्ड कॅव्हलरीचे, म्हणजे राजाच्या खास घोडदळाचे, स्टेट ट्रम्पेटर असतात. त्यांचा पायघोळ सोनेरी कोट आणि जॉकीसारखी मखमली टोपी हा वेगळाच पोशाख आहे. हेराल्ड बोलतो, वाजवत नाही.

हेराल्ड हे कॉलेज ऑफ आर्म्सचे अधिकारी. तिसऱ्या रिचर्डने १४८४मध्ये या संस्थेला सनद दिली. एकूण तेरा जण: तीन किंग ऑफ आर्म्स, सहा हेराल्ड आणि सर्वांत कनिष्ठ असे चार परसुइव्हंट. तीन किंग ऑफ आर्म्सपैकी सर्वांत वरिष्ठ तो गार्टर. या सगळ्यांच्या वर अर्ल मार्शल, म्हणजे नॉरफोकचा ड्यूक. ते पद वंशपरंपरागत आहे. एरवी त्यांचं काम कुलचिन्हं मंजूर करणं आणि वंशावळी तपासणं हे. राजाकडून गार्टरला मिळणारा वार्षिक तनखा अजूनही ४९.०७ पौंडच आहे!

तुमच्या प्रवेशात जाहीरनामा एकटा गार्टर वाचतो. बाकीचे मागे स्थिर उभे. क्रम असा: तुताऱ्या, वाचन, 'गॉड सेव्ह द किंग', राष्ट्रगीत, मग राजासाठी तीनदा जयघोष. त्याच दिवशी दुपारी शहरातल्या रॉयल एक्स्चेंजला क्लॅरन्सो या दुसऱ्या किंग ऑफ आर्म्सने पुन्हा वाचन केलं. एक गोष्ट लेखकाला जरूर सांगा: या वाचनाने चार्ल्स राजा झाला नाही. तो ८ सप्टेंबरला आई गेली त्या क्षणीच झाला. त्यामुळे गार्टरचा सूर 'आता आम्ही राजा नेमतो' असा नको, घडलेली गोष्ट सर्वांना कळवतोय असा हवा. प्रवेशाचं सगळं वजन तिथे आहे.

मुकुट नको. किंग ऑफ आर्म्सना मुकुट असतो, सोळा पानांचा, चांदीवर सोन्याचा मुलामा दिलेला, पण तो फक्त राज्याभिषेकासाठी.

सुईदोरा
कपड्यांचं मी सांगते. तिघांना सारखे कपडे चालणार नाहीत, पण फरक कापडाच्या पोताचा आहे, चित्राचा नाही. किंग ऑफ आर्म्सचा टॅबार्ड मखमलीचा, हेराल्डचा सॅटिनचा, परसुइव्हंटचा डमास्क, म्हणजे विणीतच नक्षी असलेल्या, रेशमाचा. रंगमंचावर गार्टरला मखमल आणि इतर दोघांना सॅटिन दिलं तरी पुरे. दिव्याखाली मखमल प्रकाश पिते आणि सॅटिन चमकतं, पद आपोआप कळतं. गळ्यात एस अक्षरांची साखळी: गार्टरला सोनेरी, हेराल्डना चांदीची.

टॅबार्डला चार पाट: पुढचा, मागचा आणि खांद्यावरून पंखासारख्या पडणाऱ्या दोन बाह्या. बगलेत शिवण घालायची नाही, कडा मोकळ्याच ठेवायच्या. प्रत्येक पाटावर पूर्ण राजचिन्ह येतं, म्हणजे एका अंगरख्यावर चार वेळा. म्हणून ड्रेसवाल्याचा एकच सिंह असलेला सेट बाद.

प्रत्येक पाटाचे चार चौकोन. पहिला आणि चौथा लाल, त्यावर चालणारे तीन सोनेरी सिंह. दुसरा सोनेरी, दुहेरी किनारीत मागच्या पायांवर उभा लाल सिंह. तिसरा निळा, त्यावर सोनेरी हार्प (तंतुवाद्य), त्याच्या तारा चंदेरी. एका टॅबार्डला हिशेब: चालणारे सिंह २४, उभे सिंह ४, हार्प ४.

मध्यम बांध्याच्या नटासाठी पुढचा-मागचा पाट ५२ बाय ९० सेंमी, बाही ४२ बाय ४५. ४४ इंची पन्ह्यात लाल १ मीटर, पिवळं-सोनेरी अर्धा, निळं अर्धा, अस्तर दीड मीटर. चौकोन कापण्याआधीच मागून चिकट कॅनव्हास इस्त्रीने लावा. तसं न करता सॅटिनवर सिंह शिवला की भोवती चुण्या पडतात, आणि त्या नंतर कितीही इस्त्री केली तरी जात नाहीत. सिंह आधी चौकोनावर, मग चौकोन एकमेकांना जोडा. उलट केलंत तर मशीनखाली अख्खा पाट फिरवावा लागतो.

आतला कोट लाल, पण तो दिसतो फक्त कॉलर आणि मनगटाला. सोनेरी ओकच्या पानांचं काम तेवढ्याच भागावर करा, पैसे वाचतील. खाली काळी गुडघ्यापर्यंतची विजार आणि काळे मोजे. पांढरे राज्याभिषेकाला.

रंगपट
खूपच उपयोगी. पाठीवरच्या पाटावर चौकोन उलटे लावायचे का? पुढून पहिला डावीकडे दिसतो ना?

सुईदोरा
नाही, उलटे नको. पाठीचा पाटही स्वतंत्र ढालीसारखा धरा: पाठीकडून पाहणाऱ्याच्या डाव्या हाताला वर पहिला लाल चौकोन, आणि सिंहांची तोंडंही त्याच डाव्या बाजूला. ट्रेसिंग करताना कागद पालथा पडला की सगळे सिंह उलटे होतात. कागदावर 'वरची बाजू' लिहून ठेवा.

पुराभिलेख
संदर्भासाठी फोटो शोधताना स्कॉटलंडचा टॅबार्ड उचलू नका. एडिंबरोच्या मर्कॅट क्रॉसवर ११ सप्टेंबरला लॉर्ड लायनने, म्हणजे स्कॉटलंडच्या मुख्य हेराल्डने, वाचन केलं. तिथल्या राजचिन्हात उभा लाल सिंह पहिल्या आणि चौथ्या चौकोनात असतो आणि इंग्लंडचे तीन सिंह दुसऱ्यात. दोन्ही फोटो एकाच फोल्डरमध्ये ठेवले की घोटाळा ठरलेला.

भारतीय धागा हवा असेल तर १२ डिसेंबर १९११चा दिल्ली दरबार बघा. त्या प्रसंगापुरते नेमलेले दिल्ली हेराल्ड ब्रिगेडिअर जनरल पेटन आणि त्यांचे साहाय्यक मलिक उमर हयात खान तिवाना यांनी हेच राजचिन्ह अंगावर मिरवलं होतं. जाहीरनामा इंग्रजीनंतर उर्दूत वाचला गेला. प्रेक्षकांना हा पोशाख परका वाटू नये म्हणून निवेदकाच्या तोंडी एवढं एक वाक्य पुरेल.