क्लासिक ३५० चे मागचे शॉकअप गेले: रिपेअर करू, तसेच नवे घेऊ की भारीतले?

कासारवडवली_३५०

नमस्कार मंडळी. गाडी २०१६ ची रॉयल एनफिल्ड क्लासिक ३५०. मागे जोडीचे गॅस शॉकअप, अजून मूळचेच. रोजचा रस्ता कासारवडवली, माजिवडा, कळवा, विटावा आणि पुढे ठाणे-बेलापूर रोडने तुर्भे एमआयडीसी. रबाळ्यापर्यंत बायको डबल सीट असते. मेट्रोच्या कामाने घोडबंदर रोडचं काय झालंय ते इथल्यांना सांगायला नको.

पावसाळा संपल्यापासून मागचं चाक खड्ड्यातून निघालं की गाडी दोन-तीनदा वरखाली होते, मग शांत होते. बायको मागे असेल तर मोठ्या गतिरोधकावर खालून लोखंडावर लोखंड आपटल्याचा आवाज येतो. तिची कंबर आधीच दुखरी आहे. परवा पहिल्यांदा म्हणाली, की रबाळ्याला उतरल्यावर बराच वेळ नीट उभं राहता येत नाही. ते ऐकल्यापासून मला चैन नाही. डाव्या शॉकअपमध्ये स्प्रिंगच्या आत रॉडपाशी तेल आलंय, धूळ बसून काळं झालंय.

गॅरेजवाला म्हणतो, दोन्ही खोलून तेल आणि सील बदलून देतो, स्वस्तात काम होईल. दुसऱ्या दुकानात लाल स्प्रिंगचे, बाजूला डबा असलेले दाखवले. ते मूळच्या शॉकअपपेक्षा बरेच उंच वाटले. पैसे घालायला हरकत नाही, पण तिला आराम मिळाला पाहिजे. काय करू?

खारघर_हायवे

भाऊ, सी पाना (स्प्रिंगची कडी फिरवायचा पाना) घे आणि दोन्ही शॉकअप शेवटच्या, म्हणजे स्प्रिंग सगळ्यात जास्त दाबणाऱ्या खाचेवर टाक. आपटणं बंद होईल. नवीन घ्यायची घाई कशाला?

सानपाड्याचे_काका

खारघरवाल्या भावाला रागावून सांगत नाही, पण हा सल्ला त्या बाईंच्या कंबरेला महाग पडेल. माझं आयुष्य हायड्रॉलिक सिलिंडर खोलण्यात, सील बसवण्यात गेलं, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

शॉकअपमध्ये दोन कामगार आहेत. वजन पेलते ती स्प्रिंग. दाबलेली स्प्रिंग उसळून येते, तिला आवरतं ते आतलं तेल. पिस्टनच्या बारीक भोकांतून तेल जातं, अडतं, तापतं, आणि उसळीचा जोर त्या उष्णतेत संपतो. तुझी गाडी खड्ड्यानंतर दोन-तीनदा हलते म्हणजे आवरणारा गेला. खाच वाढवून स्प्रिंग फक्त आधीपासून जास्त दाबली जाते, गाडीची मागची बाजू वर येते. स्प्रिंगचा कडकपणा तेवढाच राहतो आणि तेलाचं काम तर कुणीच करत नाही. आपटणं थोडं कमी होईल, पण मागे बसणाऱ्याला उसळी तशीच बसेल, कदाचित जास्तच.

आता रिपेअरचं. हे शॉकअप गॅसचे आहेत, म्हणजे आत दाबाखाली नायट्रोजन आहे. त्या दाबामुळे तेलाला फेस येत नाही. फेसाळलेलं तेल भोकांतून सहज पळतं, अडत नाही. साध्या गॅरेजमध्ये खोलला की गॅस गेला, आणि तो परत भरायची सोय तिथे नसते. शिवाय रॉड बघ. क्रोमवर गंजाचे बारीक टोचे पडले असतील तर नवं सील त्यावर घासून लवकरच कापलं जाईल. अशा रॉडवर नवं सील बसवायला मी कारखान्यातही कधी तयार झालो नाही. त्यात डाव्या-उजव्यात तेल कमीजास्त पडलं तर एक बाजू लवकर दबते, दुसरी उशिरा, आणि वळणावर गाडी लोळते. म्हणून नवेच घे, आणि जोडीनेच घे. एक जुना, एक नवा असं करू नको.

उंच शॉकअपबद्दल तुला शंका आली ते बरंच झालं. वरच्या भोकाच्या मध्यापासून खालच्या भोकाच्या मध्यापर्यंत माप घे. तेच माप नव्याचं हवं. उंच लावलास तर मागची बाजू उचलली जाते, पुढचा फोर्क जास्त उभा होतो, हँडल चंचल होतं, आणि चिमट्याचा (मागचं चाक धरणाऱ्या दांड्यांचा) कोन बदलल्यामुळे चेनचा ताणही पुन्हा बघावा लागतो. मेन स्टँड लावलं की चाक अधांतरी राहायला हवं, तेही राहत नाही. आणि बाजारातल्या काही स्वस्त मालात बाजूचा डबा नुसता शोभेचा असतो, आत ना तेल ना गॅस.

खरेदीआधी दोन गोष्टी कर. मेन स्टँडवर गाडी लावून मागचं चाक धरून आडवं हलव. चिमट्याचे बुश (सांध्यातल्या नळ्या) गेले असतील तर ठकठक त्यांचीही असू शकते. दुसरं, चाक अधांतरी असताना अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवरच्या एका खुणेपर्यंत टेपने मोज. मग स्टँड काढून तू बसून मोज, मग दोघं बसून. या गाडीच्या मागच्या चाकाचा प्रवास ८० मिमी आहे. बसल्यावर त्यातला साधारण तिसरा हिस्सा, म्हणजे २५ मिमीच्या आसपास, खर्च व्हावा. बाकीचा खड्ड्यांसाठी.

मागची_सीट_ऐरोली

काकांचं पटलं. मी मागे बसणारी, म्हणून माझ्या बाजूने सांगते. आमच्या ३५० ला शॉकअप बदलल्यावर पहिल्याच दिवशी फरक कळला, पण तो मऊपणाचा नव्हता. धक्का एकदा येतो आणि संपतो. आधी प्रत्येक खड्ड्यानंतर झुलत राहायचं, आणि तोल सांभाळताना कंबरेचे स्नायू आवळून बसायचे. दुखणं त्या आवळण्याचं असतं.

ताईंना विचारा, पाय नीट टेकतात का. टेकत असतील तर मोठा गतिरोधक दिसला की "आला" एवढं म्हणत जा. त्या पायांवर जरा भार घेतील. माझे मिस्टर न चुकता सांगतात. दोघं बसणार असाल तर टायरची हवाही वेगळी असते, मॅन्युअलमध्ये दिलेली आहे, तेवढीच ठेवा. "जास्त हवा, जास्त मायलेज" म्हणून पंपावर भरून देतात, ती सगळी मागच्या सीटला लागते.

कासारवडवली_३५०

काका, ताई, मनापासून आभार. आज सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये मोजलं, बायकोने टेप धरला. शॉकअप पहिल्या खाचेवर होते. मी एकटा बसलो तर ३६ मिमी दबतं, दोघं बसलो तर ५८. म्हणजे खड्ड्यासाठी २२ मिमीच उरत होते! चाक आडवं हलवलं तर किंचित कट्कट् जाणवते. रॉडवर डावीकडे टोचे आहेत, उजवीकडचा स्वच्छ. बायको म्हणाली, मूळच्या मापाचे घे, दिखाव्याचे नको. आता एन्डुरन्स किंवा गॅब्रिएलचे साधे घेऊ की वायएसएसचे, ज्यात परतीचा (दाबल्यावर उसळून येण्याचा) वेगही कमीजास्त करता येतो?

सानपाड्याचे_काका

वायएसएस थायलंडचे, माल चांगला. पण परतीचा स्क्रू फिरवत बसणारा माणूस असेल तर त्याचा उपयोग. तुला रोज कामावर जायचंय आणि वजन जवळपास ठरलेलं आहे. तुझ्या मॉडेलसाठीच बनवलेले, मूळच्या मापाचे साधे गॅस शॉकअप बस्स आहेत. उरलेल्या पैशांत चिमट्याचे बुश आणि शॉकअपची रबरं बदल. ती कट्कट् सोडू नको, नाहीतर नव्या शॉकअपवर खर्च करून अर्धाच आराम मिळेल.

बसवताना आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मार, सायलेन्सरकडचा खालचा नट हटून बसतो. वॉशर कुठल्या क्रमाने निघतात त्याचा फोटो काढ. नुसते शॉकअप बदलायचे असते तर एकेक बाजू केली असती, पण बुशसाठी चिमटा मोकळा करावाच लागेल, म्हणून चाकाखाली लाकडाचा ठोकळा दे. शॉकअप सुटले की चिमटा हाताने वरखाली कर. अडकत नाही ना, आडवा हलत नाही ना, हे तेव्हाच नीट कळतं. मग तिसऱ्या खाचेपासून सुरुवात कर आणि दोघं बसून पुन्हा मोज. गाडीवर वहिनी रोज असतात, तर खाच दोघांच्या वजनाची ठेव. घरी परतताना एकट्याला थोडं कडक लागेल, ते चालेल.

आणि जुने शॉकअप भंगारवाल्याला देताना आत दाबाचा गॅस आहे हे त्याला स्पष्ट सांग. कटर लावायचा नाही, तापवायचा नाही.