बरव्यांचा सपाट रंग

‘चित्रकार प्रभाकर बरव्यांचा रंग इतका सपाट आहे, म्हणजे तो अ‍ॅक्रिलिकच (पाण्यात मिसळणारा रंग) असणार’ हे विधान मला पटत नाही. त्यांच्या बऱ्याच कॅनव्हासवर एनॅमल आहे, दारं-खिडक्यांना देतात ते. एनॅमल लावल्यावर स्वतःच पसरून समतल होतं, ब्रशच्या रेघा त्यात बुजतात. त्यामुळे त्यांनी रंगवलेलं पान किंवा घड्याळ त्या पसरट अवकाशात नुसतं ठेवल्यासारखं दिसतं. तिरप्या उजेडात बघा, पृष्ठभागाची चकाकी अ‍ॅक्रिलिकपेक्षा अगदी वेगळी असते. पण हे माध्यम हट्टी आहे. ते हवेतल्या प्राणवायूने वरून आधी सुकतं. थर जाड झाला की वर साय धरते, खाली ओलंच राहतं आणि सुरकुत्या पडतात. म्हणून पातळ थर द्यावा, मध्ये किमान एक दिवस जाऊ द्यावा. जुनं एनॅमल ठिसूळ होतं, त्यामुळे असा कॅनव्हास गुंडाळू नये. अंधारात ठेवला तर पांढरा रंग पिवळा पडतो.

आणि बरव्यांचं ‘कोरा कॅनव्हास’ (१९९०) हे पुस्तक नक्की वाचा. वस्तू, आकार आणि अवकाश यांचा इतका नितळ विचार मराठीत फार थोड्या चित्रकारांनी लिहून ठेवलाय.