आई-बाबांना घेऊन ग्लेशियर नॅशनल पार्क (मोंटाना), कुठे राहावं?

नेहा_सिअ‍ॅटल:
पुढच्या वर्षी जुलैमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत, ग्लेशियरला न्यायचं डोक्यात आहे. बाबांचा गुडघा दुखतो, आई मात्र रोज पर्वती चढते. लेक मॅकडॉनल्ड लॉज घेऊ की मेनी ग्लेशियर हॉटेल? त्यातच यलोस्टोनपण होईल का?

डोंगरवेडा:
यलोस्टोन ह्या खेपेला सोडाच, अख्खा दिवस गाडीत जाईल आणि धड ना हे ना ते. मी तर म्हणेन पूर्वेकडचं मेनी ग्लेशियरच घ्या, १९१५ चं रेल्वे कंपनीनं बांधलेलं लाकडी हॉटेल आहे, एसी टीव्ही काही नाही, पण समोर स्विफ्टकरंट लेक आणि संध्याकाळी डेकवर लोक दुर्बिणी लावून समोरच्या उतारावर अस्वलं शोधत बसतात, बाबा तिथून हलणार नाहीत बघा. आईंना ग्रिनेल ग्लेशियरच्या ट्रेकला न्या, जाऊन-येऊन साधारण १७ किमी, बोटीनं दोन तळी ओलांडली की बरंच चालणं वाचतं. फक्त वरच्या टप्प्यात जुलैतही बर्फ असू शकतो, रेंजरला विचारूनच निघा. बुकिंग वर्षभर आधी उघडतं, तेव्हाच बसा.

मीना_ताई:
मला नाही पटत, गुडघेदुखी असेल तर पश्चिमेकडे लेक मॅकडॉनल्डच बरं. जवळच ट्रेल ऑफ द सीडार्स आहे, जेमतेम दीड किलोमीटरचा सपाट फेरा, बराचसा लाकडी फळ्यांवरून, उंचच उंच सीडारची झाडं, व्हीलचेअरसुद्धा जाते. तळ्याचं पाणी इतकं नितळ की तळाचे लाल हिरवे दगड मोजावेत, पण उचलून आणू नका हं, मनाई आहे.
आणि गोइंग-टू-द-सन रोडवर स्वतः गाडी चालवू नका, १९३३ चा घाटरस्ता आहे, एका बाजूला कडा एका बाजूला दरी, चालवणाऱ्याला काहीच बघता येत नाही. पार्कातली लाल टूर बस घ्या, १९३० च्या दशकातल्या गाड्या, वरचं कापडी छत गुंडाळतात. शिवाय वरच्या लोगन पास खिंडीतलं पार्किंग भल्या सकाळीच भरतं, ती कटकट वाचते. वर गार वारा असतो, बाबांना स्वेटर कानटोपी द्याच.

डोंगरवेडा:
लाल बसबद्दल ताईंशी सहमत. नाहीतर दोन्हीकडे रहा ना, आधी पश्चिम मग पूर्व. अस्वल अंगावर आलं तर मारायचा स्प्रे मात्र तिथेच विकत घ्या, विमानात चेक-इन बॅगेतपण चालत नाही.

नेहा_सिअ‍ॅटल:
खूप थँक्स दोघांना, यलोस्टोन कॅन्सल. दोन्हीकडे राहायचं बघते. विमानाऐवजी ट्रेन बरी पडेल का?

मीना_ताई:
अगं तुला तर सोपंच आहे, सिअ‍ॅटलला एम्पायर बिल्डर ट्रेनमध्ये संध्याकाळी बसायचं, सकाळी वेस्ट ग्लेशियर. थेपले बरोबर घे, आणि बाबांसाठी स्लीपर कर.