मदत हवी आहे: खिडकीच्या काचेवर पक्षी आपटतायत
पुण्यात तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट आहे, हॉलला मोठी काच आणि समोरच पिंपळ. महिन्याभरात दोन तांबट आणि एक बुलबुल धडकले, एक तांबट गेलाच बिचारा, काचेवर नुसता पंखांचा पांढुरका ठसा राहिला. घारीचं स्टिकर लावून झालं, त्याच्या शेजारीच येऊन आपटतात! पडदे ओढले तरी बाहेरून झाड दिसतंच काचेत. पक्ष्यांना काच दिसावी म्हणून तिच्यावर बाहेरच्या बाजूने, दर ५ सेंमीवर ठिपके लावायला हवेत हे माहितीये, पण घर भाड्याचं, सोसायटी जाळी लावू देत नाही आणि अर्धी काच फिक्स आहे, तिथे हात पोचत नाही. पावसात टिकेल आणि नंतर डाग न ठेवता निघेल असं काय लावलंत, आणि फिक्स काचेवर बाहेरून लावलंत कसं?