रात्रीची खुनाची मालिका आणि आपल्या घरचं माणूस: अनुभव लिहा

खुनी मनोरुग्ण निघतो, कोर्टात डॉक्टरची साक्ष होते आणि शेवटी वेडाचं सोंग उघडं पडतं. अशी मालिका सध्या घरोघरी चालू आहे. ज्यांच्या घरात खरंच असा आजार आहे, किंवा ज्यांचं कामच यातलं आहे, अशा गोव्यातल्या मंडळींनी लिहावं.

फोंडा, बहीण
धाकट्या भावाला स्किझोफ्रेनिया आहे. बांबोळीच्या मनोरुग्णालयात उपचार चालू आहेत. मालिकेतला आरोपी जिभेखाली लपवलेली गोळी बेसिनमध्ये थुंकतो, तेव्हा आई, वहिनी, मी, तिघींनी एकदम भावाकडे पाहिलं. त्याच्या ते लक्षात आलं. शीत-हुमणाचं ताट तसंच टाकून तो उठला. शेजारीण आता मुलांना आमच्या अंगणात पाठवत नाही. त्यानं आजवर कुणावर हात उगारलेला नाही. बसस्टँडवर मार मात्र खाऊन आलाय. आवाज ऐकू यायला लागले की घाबरून कपाटाआड बसतो बिचारा. हे कोण दाखवणार?

मडगाव, नर्स
"सिस्टर, रात्री उठून मारणार तर नाही ना?" सख्खा मुलगा विचारतो हो, आईबद्दल!

पणजी, वकील
डॉक्टरचा दाखला दाखवला की आरोपी सुटला, असं कोर्टात होत नाही. वेडाच्या बचावाचं कलम म्हणजे पूर्वीचं भारतीय दंड संहितेचं कलम ८४, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचं कलम २२. नुसता आजार असून भागत नाही. कृत्य करतेवेळी आपण काय करतोय, किंवा ते चूक वा बेकायदा आहे, हे कळण्याची कुवतच नव्हती, हे आरोपीला दाखवावं लागतं. घटनेआधीचं, त्या वेळचं आणि नंतरचं वागणं बघतात. १९६४ च्या दह्याभाई ठक्कर खटल्यात सुप्रीम कोर्टानं तेच सांगितलंय. निर्दोष ठरला तरी तो सरळ घरी जात नाही. सुरक्षित ठिकाणी ठेवतात, नाहीतर हमी देणाऱ्या नातेवाइकाच्या ताब्यात देतात. अशा वेळी जुने केसपेपर लाखमोलाचे. आणि तेच घरच्यांनी फाडलेले असतात, मुलीचं लग्न मोडेल म्हणून! या मालिका ती लाज आणखी वाढवतात, माझा राग त्यावर आहे.

डिचोली, सून
आमच्याकडे सासऱ्यांचे कागद जाळले. परत मिळतील?

पणजी, वकील
२०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानं रुग्णाला आपली वैद्यकीय कागदपत्रं मागायचा हक्क दिलाय. सासऱ्यांच्या सहीनं रुग्णालयात अर्ज द्या, पोच घ्या.